गाडी 'धप्‌ धप्‌' का करते?

समजा, तुम्ही गुरुजींच्या मोटारीतून हिंगोलीहून औंढा नागनाथला निघाला आहात. गाव मागे पडते, वेग वाढतो आणि मागून 'धप्‌, धप्‌, धप्‌' असा आवाज येऊ लागतो. कुणी म्हणतो, रस्ताच खराब आहे. कुणी म्हणतो, इंजिन बिघडले. गुरुजी मात्र विचारतात, "आवाज केव्हा येतो आणि किती वेळा येतो?" या दोन प्रश्नांतच दोषाचा पत्ता दडलेला असतो.

केव्हा येतो?

आवाज फक्त चाक खड्ड्यात गेल्यावर येत असेल, तर शॉक अॅब्सॉर्बर, स्प्रिंग किंवा रबरी बुश तपासावेत. ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क पाहावी. गाडी उभी असताना, गिअर न टाकता इंजिनाचा वेग वाढवला तरी येत असेल, तर दोष इंजिनाकडे असण्याचा संभव जास्त. आपल्या गाडीत यांपैकी काहीच घडत नाही. सपाट रस्त्यावरही आवाज येतो, वेग वाढला की धपके भराभर पडतात आणि गाडी थांबली की तेही थांबतात. म्हणजे संशय चाकांवर.

किती वेळा येतो?

संशय म्हणजे पुरावा नव्हे. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून गाडी ढकला. चाकाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत गाडी जितकी पुढे जाते, तेवढा चाकाचा परीघ. लहान मोटारीत तो सुमारे १.८ मीटर भरतो. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. १० सेकंदांत गाडी ५० मीटर जाईल आणि चाकाचे ५० ÷ १.८ = सुमारे २८ फेरे होतील. गुरुजींनी वेग कायम ठेवावा, एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने धपके मोजावेत. धपके २८च्या आसपास भरले, तर दर फेऱ्याला एक धपका, असा हिशेब जुळतो.

रस्ता काँक्रीटचा असून त्यात दर ४.५ मीटरला सांधा असता, तर १० सेकंदांत सुमारे ११ सांधेच लागले असते. तेव्हा रस्ता निर्दोष ठरला!

कोणते चाक?

आता गाडी सपाट जागी, रहदारीपासून दूर उभी करावी. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. पाहणी या क्रमाने करावी :

१. चाकाचे नट. सैल नटांमुळे चाकच निखळू शकते. म्हणून सर्वांत आधी पान्याने ते तपासावेत.

२. रिमची आतली बाजू. पावसाळ्यात आपली काळी चिकण माती तिथे थापली जाऊन वाळते आणि चाकाचा तोल जातो. वेग दुप्पट झाला की या मातीची ओढ चौपट होते व गाडी थरथरते. माती खरवडून धुऊन काढणे हाच उपाय.

३. टायर. कुठे फुगा आला आहे का, हे नीट पाहावे. टायरच्या रबरात मजबूत धाग्यांचे थर असतात. आतील हवेचा दाब तेच पेलतात. खड्ड्याच्या काठाचा जोराचा मार बसला की काही धागे तुटतात आणि हवा तेवढ्या जागी रबराला बाहेर रेटते. हा उंचवटा दर फेऱ्याला रस्त्यावर आपटतो.

फुगा ठिगळाने दुरुस्त होत नाही. एका किलोमीटरमध्ये तो सुमारे ५५५ वेळा दबतो, तापतो आणि भर वेगात टायर फुटू शकतो. टायर बदलणे हाच इलाज.

गुरुजींना मागच्या डाव्या टायरवर फुगा दिसला. त्यांनी स्टेपनी बसवली आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवली. आवाज नाहीसा झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणूनच निष्कर्ष पक्का झाला.

करून पाहा

सायकलच्या टायरवर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटपट्टीने घट्ट बसवा. शाळेच्या मैदानावर सायकल हाताने ढकलत २० मीटर न्या व धपके मोजा. परीघावरून काढलेल्या उत्तराशी ताडून पाहा.

कंपनांची अशीच पारख औंढ्याजवळ फार मोठ्या प्रमाणावर व्हायची आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया' या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. वाहनांमुळे होणारी जमिनीची थरथर कोणती आणि दूरच्या अवकाशातून आलेली लहर कोणती, हे शास्त्रज्ञांना तेथे वेगळे करावे लागेल. केव्हा आणि किती वेळा, हे प्रश्न तिथेही विचारले जातील.

विचार करा : ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा परीघ ४.५ मीटर आहे. वरच्याच काँक्रीटच्या रस्त्यावर, त्याच वेगाने जाताना १० सेकंदांत ११ धपके ऐकू आले. दोष चाकाचा की रस्त्याच्या सांध्यांचा, हे तुम्ही कसे ठरवाल?