तापणारा लॅपटॉप, खोळंबणारी कामे

पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर टेंभुर्णी आणि मोहोळ यांच्या दरम्यान माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव वसलेले आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्गही याच गावावरून जातो. रस्ता आणि रेल्वे या दोन्ही सोयींमुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांतील लोकांची येथे नित्य ये-जा असते. सोलापूर जिल्ह्याचा हा भाग अवर्षणप्रवण होय. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंश सेल्सियसच्या वर जाणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. अशा दिवसांत माणसे सावली धरतात, जनावरे झाडाखाली विसावतात. कार्यालयाच्या टेबलावरील लॅपटॉपला मात्र नेमक्या याच वेळी सर्वांत अधिक काम असते.

मग मोडनिंबसारख्या गावी उन्हाळ्याच्या दुपारी अनेकांच्या परिचयाचा प्रसंग घडतो. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो, पडद्यावरील बाण जागचा हलेनासा होतो आणि यंत्र ‘हँग’ झाल्याचे जाहीर करण्यात येते. उताऱ्यासाठी आलेल्या ग्रामस्थास ‘उद्या या’ असे सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे ‘उद्या’ कार्यालयाच्या दृष्टीने एक दिवस असते. वस्तीवरून आलेल्या शेतमजुराच्या दृष्टीने ती बुडालेली एक दिवसाची मजुरी असते. वस्तुतः लॅपटॉप तापण्याच्या पुष्कळशा तक्रारी नवे यंत्र न घेता, थोड्या निगराणीने दूर होण्यासारख्या आहेत. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या विषयाची माहिती असणे अगत्याचे आहे.

वहीकडून यंत्राकडे

महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये १ मे १९६२ पासून पंचायत राज्याची नवी रचना अमलात आली. त्या काळी गावचे दप्तर कागदाचे होते. वाळवी आणि ओल हे त्याचे शत्रू. आज गावाच्या कारभाराचा मोठा भाग संगणकावर आला आहे. ग्रामपंचायतींचे नियोजन व हिशेब यांसाठी असलेली ई-ग्रामस्वराज ही प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. निरनिराळे दाखले व उतारे आता संगणकावरूनच दिले जातात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. यंत्र बंद पडले म्हणून ही मुदत थांबत नाही.

शाळांचीही स्थिती अशीच आहे. माढा तालुक्यातीलच परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणारे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि ग्रामीण शाळेतील तंत्रसाधनांकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले. ही साधने चालू ठेवणे हे ती मिळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नव्या दप्तराचे शत्रू आहेत धूळ आणि उष्णता.

उष्णता येते कोठून?

लॅपटॉपमधील प्रोसेसर हा सर्व आकडेमोड करणारा भाग होय. त्यात खर्च होणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. साध्या कार्यालयीन लॅपटॉपचा प्रोसेसर साधारणतः १५ वॅट वीज घेतो. कामाचा भार वाढला की हे प्रमाण काही काळ याहून बरेच अधिक होते. ही सारी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत निर्माण होत असल्यामुळे ती तत्काळ बाहेर काढावी लागते.

त्यासाठी यंत्रात एक लहानशी व्यवस्था केलेली असते. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या मलमाचा, म्हणजे थर्मल पेस्टचा, पातळ थर असतो. त्यावर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. नळीत अल्पसा द्रव असतो. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, ती वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाकडे जाते, तेथे थंड होऊन पुन्हा द्रव बनते आणि हा द्रव माघारी येतो. या दुसऱ्या टोकाशी धातूच्या पातळ पट्ट्यांची दाट जाळी असते. पंखा बाहेरची हवा, बहुधा लॅपटॉपच्या तळाकडून, आत ओढून त्या जाळीतून बाहेर फेकतो. महामार्गावर मालमोटारीचा चालक रेडिएटरची काळजी वाहतो, ती ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी ही जाळी मोकळी राहिली पाहिजे.

ही समस्या केवळ छोट्या यंत्रापुरती नाही. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ साली उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक थंड राखण्यासाठी द्रवाचा उपयोग करण्यात आला आहे. यंत्र लहान असो वा मोठे, उष्णतेला वाट देणे हा त्याच्या कार्याचा अविभाज्य भाग असतो.

ही वाट अडली की तापमान चढू लागते. ते शंभर अंशांच्या आसपास पोचले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपण होऊन कमी करतो. त्यानेही भागले नाही तर यंत्र एकाएकी बंद होते. आपण ज्याला यंत्राचा संथपणा म्हणतो, तो पुष्कळदा त्याचा आत्मसंरक्षणाचा प्रयत्न असतो.

उन्हाळ्याचे गणित

उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते आणि दोहोंतील अंतर जितके मोठे, तितकी ती त्वरेने जाते. प्रोसेसर ९० अंशांवर आहे असे समजू. हिवाळ्यात खोलीतील हवा २६ अंश असेल, तर हे अंतर ६४ अंशांचे होते. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली की ते ४८ अंशांवर येते. म्हणजेच पंखा तोच, जाळी तीच, पण उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता एक चतुर्थांशाने घटली. त्यातच जाळीवर धुळीचा थर असेल, तर जे यंत्र डिसेंबरात सुरळीत चालत होते ते मे महिन्यात अडून बसते, यात आश्चर्य ते कोणते? बहुतेक लॅपटॉप सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत अशी शिफारस असते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

सोलापूरकडील जुन्या माळवदाच्या घरांत मातीचे जाड छप्पर आणि भिंती दुपारची झळ आत येऊ देत नसत. आजच्या पत्र्याच्या खोलीत असा आडोसा नसतो. साहजिकच यंत्र कोठे ठेवावयाचे, हा निर्णयही निगराणीचाच एक भाग ठरतो. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी. इमारतीतील सर्वांत थंड खोलीत, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लॅपटॉप ठेवावा.

निदान कसे करावे?

यंत्र हँग होण्याचे कारण दर वेळी उष्णता हेच असते असे नाही. खर्चात पडण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. सुरू केल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, पंखा मोठ्याने फिरू लागल्यावर आणि तळ हाताला चटका देऊ लागल्यावर यंत्र अडत असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो. सकाळी थंड असतानाच ते अडत असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. अपुरी स्मृती, नादुरुस्त होत चाललेली हार्ड डिस्क किंवा विषाणू प्रणाली यांचा शोध घ्यावा.

दुसरी गोष्ट कामाच्या भाराची. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. कोणता कार्यक्रम प्रोसेसरचा किती भाग वापरीत आहे, ते तेथे दिसते. कोणतेही काम चालू नसताना हा आकडा सतत वर राहत असेल, तर पाठीमागे अनावश्यक कार्यक्रम चालू आहेत असे समजावे.

तिसरी गोष्ट पंख्याची. बाहेर हवा टाकणाऱ्या जाळीजवळ हात धरावा. यंत्र तापलेले असून हवेचा झोत जाणवत नसेल, तर जाळी तुंबलेली आहे किंवा पंखा बंद पडलेला आहे.

यंत्र अडल्यावर प्रथम काय करावे?

कळफलकावर वारंवार आघात करू नयेत; प्रत्येक आघाताने अडलेल्या यंत्रापुढील कामात भरच पडते. दोन-तीन मिनिटे थांबावे. बाण हलू लागताच प्रथम काम जतन करावे, नंतर अनावश्यक खिडक्या बंद करून यंत्र रीतसर बंद करावे. काहीच हालचाल नसेल तरच चालू-बंदचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. हा अखेरचा उपाय होय, कारण जतन न केलेले काम त्यात नष्ट होते. चार्जर काढून यंत्र सावलीत, खालून हवा लागेल असे अर्धा तास ठेवावे.

लॅपटॉप शीतकपाटात ठेवणे किंवा त्यावर ओला फडका टाकणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. एकाएकी थंड केलेल्या यंत्राच्या आत दव जमते आणि त्याने मूळ रोगापेक्षा मोठी हानी होते. पाण्याच्या कूलरचा दमट झोत थेट यंत्रावर येऊ देणेही हितावह नाही.

नित्य निगा

लॅपटॉप नेहमी टणक व सपाट पृष्ठभागावर ठेवावा. गादी, सतरंजी, फायलींचा गठ्ठा यांवर ठेवल्यास तळाची छिद्रे बुजतात. मागील बाजू लाकडाच्या दोन पट्ट्यांवर बोटभर उचलून ठेवली, तर हवेला मार्ग मिळतो. या उपायाला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. शाळेतून घरी नेताना यंत्र पूर्णपणे बंद करूनच पिशवीत घालावे. नुसते झाकण मिटलेला लॅपटॉप पिशवीत जागा झाला, तर बंदिस्त जागेत तो चांगलाच तापतो. उन्हात उभ्या केलेल्या वाहनात तो कधीही ठेवू नये. उन्हाळ्यात मोठ्या याद्या भरण्याचे काम शक्य तेवढे सकाळच्या प्रहरी उरकावे आणि दिवसाच्या कामाची प्रत रोज दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवावी.

सफाई वर्षातून किमान दोन वेळा व्हावी. त्यांपैकी एक उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारीत होणे इष्ट. यंत्र बंद करून, चार्जर काढून, ब्लोअरच्या हवेचे थांबून थांबून छोटे झोत जाळीवर मारावेत. पंखा त्या हवेने भरधाव फिरू देऊ नये, एरवी त्यास इजा होते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्यातून निर्माण होणारी स्थिर वीज आतील सुट्या भागांस मारक ठरू शकते. तळ उघडून पंखा स्वच्छ करणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे ही कामे जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावीत. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर ते उघडण्यापूर्वी हमीच्या अटी पाहाव्यात.

बॅटरीचा इशारा

उष्णतेचा सर्वांत गंभीर परिणाम बॅटरीवर होतो. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर जीर्ण होते, प्रसंगी फुगते. कळफलक किंवा स्पर्शफलक वर उचललेला दिसणे, झाकण नीट न मिटणे, लॅपटॉप टेबलावर डुगडुगणे ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करावे, चार्जर लावू नये आणि फुगवटा दाबण्याचा वा टोचण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण त्यातून आग लागण्याचा धोका असतो. मुलांचा वावर असलेल्या शाळेत याबाबत विशेष दक्षता हवी. अशी बॅटरी कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडेच सोपवावी.

जबाबदारी कोणाची?

पंचायतीच्या पाण्याच्या पंपाची देखभाल कोणी करावयाची, हे गावात सर्वांस ठाऊक असते. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र तो जडसंग्रह नोंदवहीत चढला की त्याची काळजी संपली, असा समज आढळतो. त्याच नोंदवहीत यंत्रापुढे सफाईची तारीख, दुरुस्तीचा तपशील आणि जबाबदार व्यक्तीचे पद यांची नोंद ठेवली, तर बराचसा प्रश्न सुटू शकेल. ग्रामपंचायत सदस्यांनी मासिक सभेत या नोंदीची विचारणा करावी, मुख्याध्यापकांनी उन्हाळी सुट्टीपूर्वी शाळेतील यंत्रे तपासून घ्यावीत आणि देखभालीसाठी अल्पशी तरतूद अंदाजपत्रकातच करावी.

फेब्रुवारीत केलेली अर्ध्या तासाची सफाई आणि टेबलावर ठेवलेल्या लाकडाच्या दोन पट्ट्या यांनी मे महिन्यातील दुपार निभावून नेता येते. मग नमुना आठचा उतारा घेण्यासाठी उन्हातान्हातून चालत आलेला वस्तीवरचा माणूस त्याच दुपारी उतारा घेऊन परत जाईल आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामावर हजर राहील.