मनूस, कुसुमावतींविषयी

कर्जत



दादाचा फोन आला होता. एम.ए.ला इंग्रजी घेतलंस, पण वर्गात मुंबईच्या मुलींपुढे तोंड उघडत नाहीस आणि मराठीत लिहिणं तर बंदच केलंस, म्हणाला. बोलणं सवयीनं येईल. लिहिणं थांबलं याची मात्र मला काळजी वाटते.

म्हणून कुसुमावती देशपांडेंविषयी सांगते; त्या तुला कुणी शिकवल्या नसतील. जन्म १९०४चा, अमरावतीचा. शाळा पुण्याच्या हुजूरपागेत. लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून इंग्रजीची पदवी घेऊन १९२९ साली परतल्या, कवी अनिलांशी लग्न केलं आणि नागपुरात इंग्रजी शिकवू लागल्या. त्या काळी एवढ्या शिक्षणावर माणूस आयुष्यभर इंग्रजीतच मिरवला असता. यांनी कथा लिहिल्या त्या मराठीत: १९३४ला 'दीपकळी', मग 'दीपदान', 'मोळी'. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा धांडोळा घेणारं पुस्तकही या इंग्रजीच्या प्राध्यापिकेचंच. केवढ्या जुन्या, विसरलेल्या कादंबऱ्या वाचल्या असतील! मराठी साहित्य संमेलन सुरू झालं १८७८ साली. अध्यक्षपदी पहिली बाई बसली ती १९६१ला, ग्वाल्हेरला. त्या याच. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेल्या. अनिल आणि त्यांची पत्रं पुढे 'कुसुमानिल' नावानं छापली गेली. ती जरूर वाच.

खालापूरच्या मराठी शाळेतून आलीस म्हणून तू कमी पडतेस, हे मनातून काढ. खोपोली लोकलमध्ये पळसदरी, केळवली, डोलवलीला पावसाच्या तोंडावर शेवळाची रानभाजी घेऊन चढणाऱ्या ठाकर बायका कशा बोलतात, ते तू लहानपणी हुबेहूब सांगायचीस. तो कान आजही तुझ्याकडे आहे. इंग्रजी कवितेतली लय, थांबे, न बोललेलं ऐकायला तोच लागतो. आणि कविता बारकाईनं वाचायची सवय लागली की त्या बायकांचं बोलणंही तुला आणखी खोल ऐकू येईल. एकासाठी दुसरं सोडलंस तर दोन्हीकडे उणं राहील.

गाइडं कपाटात टाक. मूळ कविता मोठ्यानं वाच, अडलं तर शब्दकोश उघड, बाईंना वर्गातच विचार. रविवारी इकडे येशील तेव्हा एका कवितेवरचं इंग्रजी टिपण आण आणि लोकलमधल्या प्रवासावर मराठीत दोन पानं. दोन्ही मला वाचून दाखवायची.

तुझी,
आत्या