कळफलकाची कसोटी

संगणकाच्या कळफलकावरील एखादी कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते. ही क्रिया इतकी साधी भासते की तिच्यात तपासण्याजोगे काही असेल, असे सहसा मनात येत नाही. वस्तुतः कळ आणि अक्षर यांच्यामध्ये अनेक पायऱ्या असतात. कळ दाबली जाणे आणि सोडली जाणे या दोन स्वतंत्र घटना होत. कळफलक प्रत्येक घटनेचा सांकेतिक अंक संगणकाकडे पाठवितो. संगणकाची मूळ कार्यप्रणाली या घटना आल्या त्या क्रमाने रांगेत लावते आणि पडद्यावरील अनेक चौकटींपैकी जी त्या क्षणी मजकूर स्वीकारण्यास सिद्ध असेल, तिच्याकडे त्या सोपविते. यांपैकी कोणत्याही पायरीवर चूक संभवते.

या सर्व शक्यता माणसाने स्वतः कळा दाबून तपासणे फार कष्टाचे आहे. म्हणून हे काम संगणकाकडेच सोपविण्यात येऊ लागले. १९८३ साली अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाची तयारी चालू असताना स्टीव्ह कॅप्स यांनी ‘मंकी’, म्हणजे वानर, या नावाची एक लहानशी आज्ञावली लिहिली. मॅकिंटॉशची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. एवढ्या अपुऱ्या स्मृतीत लेखनाच्या व चित्रकलेच्या आज्ञावल्या तग धरतात की नाही, हे पाहणे अगत्याचे होते. ‘मंकी’ कळफलक आणि माऊस यांच्या कृत्रिम घटना यदृच्छया निर्माण करून त्या आज्ञावल्यांना पुरवीत असे. परंतु वानरच ते! थोड्याच वेळात ते काम बंद करण्याची आज्ञा निवडी आणि चाचणी तेथेच संपे. तेव्हा स्मृतीत एक खूण राखून ठेवण्यात आली. ती खूण आढळली की आज्ञावली बंद होण्याचे नाकारी आणि वानराचा खेळ पुढे चालू राही.

अशा चाचणीतून आज्ञावली कोलमडते किंवा नाही एवढेच कळते. उमटलेले अक्षर योग्य आहे काय, हे वानराला सांगता येत नाही. त्यासाठी कळांचा क्रम व अपेक्षित फळ ही दोन्ही आधी निश्चित करावी लागतात. उदाहरणार्थ, देवनागरीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘क’, हलन्त आणि ‘ष’ या कळा क्रमाने दाबल्या असता ‘क्ष’ हे जोडाक्षर दिसले पाहिजे. येथे एक सोपी पळवाट असते. तयार ‘क्ष’ थेट चौकटीत ठेवूनही चाचणी उत्तीर्ण झाल्याचे दाखविता येते. तथापि तीत कळांची परीक्षा मुळीच होत नाही.

क्रमाइतकेच महत्त्व काळाला आहे. याचा दारुण प्रत्यय कर्करोगावरील किरणोपचाराच्या ‘थेरॅक-२५’ या यंत्राने दिला. त्याचा पडदा चित्रमय नव्हता, केवळ अक्षरांचा होता. पण प्रश्न कळफलकाचाच होता. १९८६ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत टेक्सासमधील टायलर येथे क्ष-किरणांसाठीचे ‘एक्स’ हे अक्षर चुकून दाबले गेले व ते तत्काळ दुरुस्त करून इलेक्ट्रॉन किरणांसाठीचे ‘ई’ घालण्यात आले. यंत्रातील चुंबकांची जुळणी होण्यास सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या अवधीत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, परंतु यंत्राच्या अंतर्भागातील जुळणीत ती पूर्णपणे उतरत नसे. दोन्ही रुग्णांना घातक मात्रा मिळाली व त्याच वर्षी ते मृत्यू पावले. रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने व यंत्रचालिकेने हा दोष पुन्हा घडवून आणला, तेव्हा त्याचे मर्म टंकनाच्या वेगात असल्याचे उघड झाले. कळा सावकाश दाबल्या असता तो प्रकटच होत नसे. सरावाने चालकांचे हात जलद झाले होते आणि सराईत हाताच्या या वेगाने यंत्राची कसोटी कोणी घेतली नव्हती.

म्हणूनच कळांचा एकच क्रम मंद गतीने, जलद गतीने आणि मध्येच दुरुस्ती करून, अशा अनेक रीतींनी पुनःपुन्हा देऊन पाहावा लागतो. प्रत्येक वेळी पडद्यावर दिसणारा मजकूर आणि आत साठविलेली नोंद यांचा मेळ पडताळावा लागतो. हे काम यंत्र न थकता करू शकते. कोणते फळ योग्य मानावे आणि कोणत्या घाईगर्दीची कल्पना आधीच करून ठेवावी, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.