सोफ्यातील धूळ

मुलांनो, तुमच्या घरी सोफा आहे का? सोफा नसेल, तर गादीची खुर्ची किंवा दिवाण असेल. पाहुणे आले, की आपण त्यांना तेथेच बसवतो. म्हणून घर आवरताना आपण सोफ्यावर हात आपटून धूळ झटकतो. सोफा स्वच्छ दिसू लागतो. पण धूळ कोठे गेली? ती हवेत उडाली. थोड्या वेळाने ती पुन्हा सोफ्यावर बसते. तोपर्यंत आपण श्वासाबरोबर ती आत घेतो.

हीच गोष्ट ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याच्या लक्षात आली. लंडनमध्ये त्याने हवेच्या झोताने धूळ उडवणारे एक यंत्र पाहिले. उडालेली धूळ पुन्हा खाली बसत होती. त्याला वाटले, धूळ उडवण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने एका उपाहारगृहातील मऊ खुर्चीला तोंड लावून हवा आत ओढली. धुळीने त्याचा जीव गुदमरला, पण युक्ती खरी ठरली! १९०१ साली त्याने धूळ ओढून घेणारे यंत्र तयार केले. त्यालाच आपण व्हॅक्यूम क्लीनर म्हणतो.

सोफ्याच्या आत लाकडी सांगाडा, स्प्रिंगा आणि काथ्या किंवा फोम असतो. त्यावर कापड असते. कापडातून धूळ आत जाते. या धुळीत 'माइट' नावाचे जीव राहतात. त्यांची लांबी सुमारे पाव ते एकतृतीयांश मिलिमीटर असते. आपल्या अंगावरून गळणारे कातडीचे बारीक कण हे त्यांचे अन्न. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेमुळे काही जणांना शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येते, तर काहींना दम्याचा त्रास होतो. दमट हवेत माइट वाढतात. म्हणून मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात अधिक काळजी घ्यावी.

घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर आठवड्यातून एकदा तो सोफ्यावर फिरवावा. गादीखालच्या फटी विसरू नयेत. यंत्र नसेल, तर एक सोपी युक्ती आहे. जुनी चादर भिजवून घट्ट पिळावी. ती सोफ्यावर पसरून वरून काठीने हळूहळू थोपटावे. धूळ हवेत न उडता ओल्या चादरीला चिकटते. हे काम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नाकावर रुमाल बांधावा. दादीला किंवा धाकट्या भावाला दमा असेल, तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावे.

उशांचे अभ्रे काढून धुवावेत. कापडाला चालत असेल, तर ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ते धुतल्याने माइट मरतात. इतके गरम पाणी मोठ्या माणसांनीच हाताळावे.

चहा सांडला, तर कापड घासू नये. घासल्याने डाग पसरतो. कोरड्या फडक्याने चहा टिपून घ्यावा. मग साबणाचा थोडा फेस लावून डागाच्या कडेकडून मध्याकडे पुसावे. पण आधी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, रंग जातो का ते पाहावे. तेल सांडले, तर टिपून त्यावर टाल्कम पावडर टाकावी. ती तेल शोषून घेते. एक-दोन तासांनी ती ब्रशने काढावी.

सोफ्यावर पाणी मात्र कधीच ओतू नये. फोम आतून लवकर वाळत नाही. मग बुरशी धरते, वास येतो, लाकूड फुगते आणि खिळे गंजतात. ओला भाग पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावा. सोफा ओल आलेल्या भिंतीपासून थोडा दूर ठेवावा. डाग काढण्यासाठी घरात पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये. त्यांची वाफ पेट घेऊ शकते.

मुलांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. धूळ उडवायची नाही, पकडायची. पाणी कमी, हवा जास्त. असे केले, तर सोफा पुष्कळ वर्षे टिकेल आणि घरातील माणसे मोकळा श्वास घेतील.

शब्दार्थ
उपाहारगृह – हॉटेल, खाण्याची जागा
गुदमरणे – श्वास कोंडणे
काथ्या – नारळाच्या सोडणाचे तंतू
अभ्रा – उशीचे कापडी आवरण
टिपणे – कापड दाबून ओल शोषून घेणे

स्वाध्याय
१. बूथला कोणती युक्ती सुचली?
२. चहाचा डाग का घासू नये?
३. कारणे द्या : सोफ्यावर पाणी ओतू नये.
४. 'रुमाल', 'हवा', 'डाग' यांसारखे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा.
५. या शुक्रवारी घरातील एक खुर्ची ओल्या चादरीने साफ करा आणि काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.