गोर आणि कोर : परक्यांसाठीचा शब्द

समूहबोलीत समूहाबाहेरच्या सामान्य माणसासाठी बहुधा एखादी स्वतंत्र संज्ञा असते. यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस परिसरातील तांड्यांवर राहणारा बंजारा समाज स्वतःला ‘गोर’ म्हणवतो. बंजारा नसलेला तो ‘कोर’. मग तो सावकार असो, मास्तर असो वा शेजारचा कुणबी शेतकरी. जातीजातींत विभागलेल्या अवघ्या गावाला तांड्याने एकाच शब्दात बसवले, ही गोष्ट मार्मिक आहे.

युरोपातील रोमा लोकांचा ‘गाजो’ याच प्रकारचा. ‘हॅरी पॉटर’ कादंबरीमालेतील (१९९७ पासून) ‘मगल’ मात्र थोडा निराळा. मगल म्हणजे जादू न येणारा. त्या शब्दात उणीव गृहीत आहे आणि तो वापरणारे जादूगार समर्थ आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच सोसलेल्या समाजाच्या तोंडी ‘कोर’ येतो, तेव्हा त्यात सामर्थ्याचा तोरा नसून सावधपणा अधिक असतो. सत्ताधाऱ्यांनी दिलेले नाव सरकारदरबारी नोंदले जाते. तांड्याने गावाला दिलेले नाव गावाला बहुधा ठाऊकही नसते.

स्वयंअध्ययन : आपल्या परिसरातील एखाद्या समूहबोलीत परक्यासाठी कोणता शब्द आहे? तो त्याच्यासमोर उच्चारला जातो का?