परदेशातली ती रात्र आणि वाया गेलेले दोन तास

वाचकहो, उन्हाळ्याची सुटी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. 'डॉक्टर, मुलगा सिंगापूरला नेतोय, बरोबर कोणती औषधे घेऊ?' जुलाब, ताप, सर्दी, उलटी यांच्या गोळ्यांची यादी मी पूर्वी मुकाट्याने लिहून देत असे. आता यादी देण्यापूर्वी त्यांना समोर बसवतो आणि माझ्या स्वतःच्या घरात घडलेली हकीकत सांगतो. तीच आज आपल्यालाही सांगणार आहे. त्यात चूक माझी आहे, म्हणून ती सांगण्याचा अधिकारही माझाच आहे.

माझा दवाखाना हिंजवडीत आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क येण्यापूर्वी आमच्याकडे भात आणि ऊस होता. माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, शेती बघत आणि त्या शेतीवरच माझे डॉक्टरकीचे शिक्षण झाले. पुढे बरीचशी जमीन पार्कात गेली. ज्या शिवारात दादांनी नांगर धरला, त्याच बाजूला उभ्या राहिलेल्या एका कंपनीत पुतण्या नोकरीला लागला. २०१९ च्या मे महिन्यात त्यानेच सगळ्यांची सिंगापूरची सहल ठरवली. दादा, वहिनी, पुतण्या, सूनबाई, त्यांची दोन मुले, मी आणि माझी पत्नी, असे आम्ही आठ जण होतो. दादांचे वय तेव्हा ६१ होते. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. पण प्रकृती काटक. म्हातोबाच्या यात्रेत बगाडाबरोबर हिंजवडीहून वाकडपर्यंत चालत जाणारा माणूस!

त्या रात्री काय घडले?

तिसऱ्या दिवशी दिवसभर पायपीट झाली. रात्री भारतीय हॉटेलात तेलकट जेवण झाले. साडेबाराच्या सुमारास वहिनींनी आमच्या खोलीचे दार वाजवले. दादा पलंगावर बसले होते. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळतंय, असे म्हणत होते. कपाळावर घाम होता. नाडी पाहिली, ती थोडी मंद वाटली. 'पित्त झालंय, जेवण बाधलं,' असे म्हणून मी पित्ताचे पातळ औषध दिले आणि उशाला दोन उशा लावून निजवले.

वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसाला घाम फुटला होता आणि तो मी पाहिला होता. हाच रुग्ण माझ्या दवाखान्यात आला असता, तर मी त्याला एक मिनिटही थांबू न देता मोठ्या रुग्णालयात पाठवले असते. मग तिथेच का थांबलो? कारण मला भीती वाटली. परका देश, मध्यरात्र, रुग्णालयात नेले तर किती पैसे लागतील कोण जाणे! शिवाय दादा स्वतःच म्हणत होते, 'उगाच खर्चात पडू नगा, सकाळी बरं वाटंल.' मला जे खरे असावे असे वाटत होते, तेच निदान मी केले.

अडीच वाजता दादांना उलटी झाली, दम लागला, चेहरा पांढराफटक पडला. मी तेव्हाही नाडीच मोजत होतो. सूनबाईने मात्र माझ्या निर्णयाची वाट पाहिली नाही. तिने खाली स्वागतकक्षाला फोन केला आणि त्यांनी ९९५ वर रुग्णवाहिका बोलावली. ती लवकरच आली. आलेल्या सेवकांनी तिथेच हृदयाचा आलेख काढला. हृदयाच्या खालच्या बाजूला झटका आला होता. तासाभरात दादा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते आणि त्यांची बंद झालेली धमनी फुग्याने उघडून तीत स्टेंट बसवला गेला.

तेथील डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, 'दुखायला केव्हा सुरुवात झाली?' मला 'साडेबारा' असे सांगावे लागले. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिले आणि लिहून घेतले. मला ते पुरेसे होते.

हे पित्त नव्हते, हे कसे ओळखावे?

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की पलीकडच्या स्नायूला प्राणवायू मिळत नाही आणि साधारण अर्ध्या तासात तो मरायला लागतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत धमनी उघडली तर सर्वांत जास्त फायदा होतो.

छातीच्या मध्यभागी दाब, ओझे ठेवल्यासारखे वाटणे, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ जाणे ही नेहमीची लक्षणे आपल्याला ठाऊक असतात. पण हृदयाच्या खालच्या भागातला झटका पोटात दुखते आहे असा भास करून देतो. त्यात मळमळ आणि उलटीही होते. मधुमेहात संवेदना वाहणाऱ्या नसा कमजोर झालेल्या असतात. त्यामुळे अशा रुग्णाला वेदना कमी जाणवते किंवा मुळीच जाणवत नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, गळून गेल्यासारखे होते. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्येही असे पुष्कळदा दिसते. म्हणून नियम सोपा ठेवावा. चाळिशी उलटलेल्या माणसाला, त्यातून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याला, जळजळीबरोबर घाम, दम किंवा ग्लानी आली, तर आलेख निघेपर्यंत ते पित्त समजू नये.

अशा वेळी रुग्णाला चालवू नये, जिना उतरवू नये. अर्धवट बसवून ठेवावे. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात रक्तस्रावाचा व्रण किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावे. माझ्या बॅगेत ते होते, मी दिले नाही. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र शेजाऱ्याने सांगितली म्हणून देऊ नये. रक्तदाब आधीच खाली गेला असेल तर ती जिवावर बेतू शकते. रुग्ण बेशुद्ध होऊन त्याचा श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

दुसरी चूक निघण्यापूर्वीची

रुग्णालयात औषधांची यादी मागितली. वहिनींनी प्लास्टिकची पिशवी पुढे केली. त्यात पट्ट्या कापून सुट्या केलेल्या गोळ्या होत्या. कापताना औषधांची नावे गेलेली! महिन्यापूर्वीच पुण्यातल्या तज्ज्ञांनी औषधे बदलली होती, ती नेमकी कोणती हे घरातल्या डॉक्टरलाही माहीत नव्हते.

तिसरी चूक विम्याची. प्रवासाचा विमा काढलेला होता. पण अर्ज भरणाऱ्याने हप्ता कमी बसावा म्हणून मधुमेहाच्या रकान्यात 'नाही' लिहिले होते आणि दादांनी न वाचता सही केली होती. विमा कंपनीने हात वर केले. तेथील नागरिकांना मिळणारी सरकारी सवलत परदेशी पाहुण्यांना नसते. बिल लाखांत गेले. पुतण्याने आपली आणि मित्रांची कार्डे वापरून ते भरले. ते कर्ज फेडायला त्याला तीन वर्षे लागली.

हे आपल्यासारख्या साध्या माणसांच्या बाबतीतच घडते असे नाही. ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज शेन वॉर्न यांचा ४ मार्च २०२२ रोजी थायलंडमधील कोह सामुई बेटावर सुटीत असतानाच मृत्यू झाला. ते ५२ वर्षांचे होते. निघण्यापूर्वी त्यांच्या छातीत दुखत होते, असे तेथील पोलिसांनी नंतर सांगितले. सुटी लागली म्हणजे आजारालाही सुटी लागते, असे नाही.

वाचकांनी काय करावे?

१) प्रवासाच्या महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी. चालताना छाती भरून येत असेल, दम लागत असेल, तर आधी त्याचा उलगडा करावा, मगच तिकीट काढावे.

२) एका कागदावर आजार, औषधांची मूळ नावे (कंपनीची नव्हे), मात्रा, ॲलर्जी आणि रक्तगट इंग्रजीत लिहून घ्यावा. जुना आलेख असल्यास त्याची प्रत ठेवावी. एक कागद रुग्णाच्या खिशात, दुसरा घरच्यांकडे असावा.

३) औषधे मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. मोठी बॅग हरवू शकते. इन्सुलिन तर त्या बॅगेत कधीच टाकू नये, ते गोठून निकामी होऊ शकते. ट्रॅमाडॉल, कोडीन अशा औषधांना संयुक्त अरब अमिरातीत आगाऊ परवानगी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

४) विम्याच्या अर्जात खरे लिहावे. पूर्वीच्या आजारातून उद्भवलेल्या आणीबाणीला संरक्षण आहे का, हे लेखी विचारावे. युरोपच्या शेंगेन देशांत जाण्यासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. इतरत्र सक्ती नसली तरी गरज तीच असते. रुग्णालयात पोहोचताच पॉलिसीवरील मदत क्रमांकावर कळवावे.

५) ज्या देशात जाणार तेथील रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ करावा. सिंगापूर ९९५, थायलंड १६६९, संयुक्त अरब अमिराती ९९८, नेपाळ १०२, इंग्लंड ९९९, अमेरिका ९११, युरोपीय देश ११२. भाषा येत नसेल तर हॉटेलच्या स्वागतकक्षाला सांगावे. हॉटेलचा पत्ता लिहिलेले कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावे.

६) सर्वांत महत्त्वाचे, घरात डॉक्टर असला तरी आणीबाणीत त्याला नातेवाईकच समजावे. आपल्या माणसाकडे पाहताना डॉक्टरची नजरही अधू होते. घरातल्या कोणालाही शंका आली, तर त्याने परवानगी न मागता फोन करावा.

आणि हे फक्त परदेशापुरते नाही. आपल्याकडे १०८ आणि ११२ हे क्रमांक आहेत. संध्याकाळी शिवाजी चौकात वाहनांची रांग लागते, तेव्हा हिंजवडीतल्या माणसालाही मोठे रुग्णालय परदेशाइतकेच दूर असते. तिथेही 'सकाळी बघू' म्हणणे तितकेच महागात पडते.

दादा आज आहेत. हृदयाची शक्ती कमी झाली आहे. यात्रेला आता ते बगाडाबरोबर चालत नाहीत. रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतात आणि बगाड समोरून गेले की हात जोडतात. गेल्या यात्रेत त्यांच्या शेजारी बसून मी म्हटले, 'दादा, त्या रात्री मी लगेच नेलं असतं तर आज तुम्ही वाकडपर्यंत चालला असता.' ते म्हणाले, 'अरं, खर्चाचं मीच म्हणलं होतं की. पण तू डॉक्टर होतास, माझं ऐकायला नको होतं.'

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. वाचकहो, रुग्ण 'नको' म्हणाला तरी घाम पाहा, घड्याळ पाहा आणि फोन करा. तपासणीअंती ते पित्तच निघाले, तर हसत घरी या. तो खर्च वाया गेला असे मुळीच समजू नका.