तेरा टी-शर्टांचे गणित

प्रश्न : बोईसरला आमचे टी-शर्ट छपाई आणि युनिफॉर्म शिलाईचे छोटे दुकान आहे. चार मशीन, दोन कारागीर आणि आम्ही दोघे. ज्या दराने आम्हाला कोरा टी-शर्ट पडतो, जवळजवळ त्याच दरात मोबाइलवरच्या कंपन्या छापून घरपोच देतात. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे काम बाहेरचे मोठे पुरवठादार नेतात. आम्ही टिकायचे कसे? आमचे यजमान म्हणतात, भरतकामाचे कॉम्प्युटर मशीन घेऊ. घ्यावे का? – एक वाचक भगिनी, बोईसर

उत्तर : ताई, मशीनचे नंतर बघू. आधी मोठ्यांचा माल स्वस्त का पडतो ते पाहू. त्यांना नफा नको असतो असे मुळीच नाही. त्यांचा माल स्वस्त पडतो, कारण तो सगळा एकसारखा असतो.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन करावी लागते. समजा, दोन रंगांच्या स्क्रीनचा खर्च ६०० रुपये आणि छपाईची मजुरी नगाला १५ रुपये. हजार टी-शर्ट असतील तर स्क्रीनचा खर्च नगामागे ६० पैसे, म्हणजे छपाई पडली १५ रुपये ६० पैशांना. तेच एखाद्या पाड्यावरच्या क्रिकेट संघाला तेरा टी-शर्ट हवे असतील, तर स्क्रीनचेच ४६ रुपये होतात आणि छपाई ६१ रुपयांवर जाते. आता डीटीएफ घ्या. त्यात डिझाइन फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर बसवतात, स्क्रीन लागतच नाही. त्याचे नगाला ५० रुपये धरले, तर एक असो वा हजार, ५० च. या हिशेबात साधारण सतरा नगांच्या आत डीटीएफ स्वस्त आणि त्यापुढे स्क्रीन. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. सतराचे कदाचित पंचवीस होतील, पण रेघ कुठेतरी पडेलच. त्या रेघेच्या वर मोठ्यांशी दराची झुंज घ्याल तर हराल. रेघेच्या खाली मात्र मोठा पुरवठादार उतरतच नाही, कारण त्याला ‘मिनिमम ऑर्डर’ लागते.

मोबाइलवरच्या कंपन्या एक नगही छापून देतात, हे खरे. पण प्रत्येकावर वेगळे नाव आणि नंबर, दोन टी-शर्ट लहान मुलांचे, एक यष्टिरक्षकाच्या ढेरीच्या मापाचा, आणि हे सगळे शनिवारी संध्याकाळपर्यंत, असे काम मोबाइलवर सांगून पाहा. मी एकदा आमच्या मंडळासाठी दूरवरच्या एका पुरवठादाराकडून टी-शर्ट मागवले होते. मंडळाच्या नावातला ‘श्री’ खाली घसरून दुसऱ्याच अक्षराला चिकटून आला. बदलून मिळायचे होते, मिळालेही. पण तोवर हंडी फुटून गेली होती. देवनागरी अक्षरांची जोडणी छपाईआधी ग्राहकाला कागदावर दाखवून सही घेणे एवढ्या साध्या गोष्टीवर गावातले दुकान पुढे राहते.

दुसरा समज माझ्या कानावर नेहमी येतो : ‘तारापूरला कापडाच्या एवढ्या गिरण्या, मग आम्हाला कापड स्वस्त मिळायला हवे.’ सियाराम, डीडेकॉर यांच्यासारख्या नावांचे कारखाने तारापूर एमआयडीसीत आहेत, हे बरोबर. पण गिरणी आणि दुकान यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. गिरणी एका रंगाचे हजारो मीटर एकदम काढते, तुम्हाला लागतात दोन ताके. मधला घाऊक व्यापारी तो मोठा माल घेऊन तुम्हाला ताक्याने विकतो, आणि त्याचा नफा तुम्हाला मोजावाच लागतो. उरलेले तुकडे, फेंट, स्वस्तात मिळतात. त्यांच्या पिशव्या, ॲप्रन करा, युनिफॉर्म करू नका. कारण रंगाईचा लॉट बदलला की शेड बदलते. पुढच्या महिन्यात तोच निळा रंग मागितला तर जरा वेगळा निळा येतो, आणि कामगार रांगेत उभे राहिले की ते लगेच दिसते.

याच शेडमध्ये तुमची खरी संधी आहे. कारखान्यातली कंत्राटी माणसे सारखी बदलतात. वर्षाच्या सुरुवातीला तीनशे युनिफॉर्म मोठ्या पुरवठादाराने दिले. जूनमध्ये सात नवे आले, ऑगस्टमध्ये चार. या अकरा जणांसाठी तो पुरवठादार फोनही उचलत नाही. एचआरवाले नव्या माणसाला गेलेल्या माणसाचा शर्ट घालायला देतात. ‘एल साइज सगळ्यांना होते’ हा कारखान्यांतला मोठा लाडका समज आहे. तुम्ही तीनशेच्या मागे लागण्याआधी हे अकरा मागा. त्याच शेडचा एक ताका बाजूला राखून ठेवा, प्रत्येक कारखान्याची मापांची वही ठेवा, आणि ‘चार दिवसांत देतो’ हे लिहून द्या. अकरा नगांना दर थोडा जास्त लावला तरी कोणी कुरकुरत नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो. पुढच्या वर्षी तीनशेच्या चौकशीत तुमचे नाव आपोआप येते.

मापाची किंमत किती, हे आपल्या राज्य सरकारलाही कळून चुकले आहे. शाळांच्या मोफत गणवेशासाठी २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड राज्यपातळीवर घेऊन शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे सोपवली गेली. कागदावर ते स्वस्त आणि शिस्तीचे होते. प्रत्यक्षात अनेक शाळांत गणवेश महिनोन्महिने उशिरा पोचले आणि मापे बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. जव्हार-मोखाड्यापासून डहाणूपर्यंत पसरलेल्या आपल्या जिल्ह्यात हे काम आता गावपातळीवर ठरते. मात्र हुरळून जाऊ नका. दर गणवेशाला ३०० रुपये हे ठरलेले आहे. कापड, शिलाई, काजबटण आणि शाळेपर्यंतचे भाडे त्यात बसते का, हे समितीला होकार देण्याआधी मांडून पाहा.

कारखान्यांच्या कपड्यांबाबत एक सावधगिरीही सांगतो. टेरिकॉट आणि पॉलिएस्टर टिकते, चुरगळत नाही, म्हणून सगळे तेच मागतात. पण पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते, आणि सॉल्व्हंट हाताळणाऱ्या विभागात एक ठिणगी पुरते. शिवाय आगीत ते वितळून कातडीला चिकटते. रसायनांच्या कारखान्यांनी भरलेल्या तारापूरला हे सांगायला नको. जाड सुती बॉयलर सूट सुचवा. पण ‘फायरप्रूफ’ हा शब्द बिलावर कधीही लिहू नका. तसे कापड वेगळे असते आणि त्याला चाचणीचा दाखला लागतो. दाखल्याचे कापड मिळत असेल तरच ते काम घ्या. नाही म्हणणारा शिंपी सुरक्षा अधिकाऱ्याच्या चांगला लक्षात राहतो.

छोटे दुकान बंद पडते ते बहुतेक वेळा दरामुळे नाही, उधारीमुळे. कापडवाल्याला रोख द्यायचे आणि कारखान्याचे पैसे चार महिन्यांनी यायचे, यात तुमचे भांडवल दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊन बसते. उद्यम नोंदणी केली नसेल तर करा. ती ऑनलाइन आणि फुकट आहे. पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नोंदणीने ऑर्डर मिळत नाही, पण सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याचे संरक्षण मिळते. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. व्याज मागून गिऱ्हाईक कोण तोडणार, असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आयकराचा नियम अधिक कामाचा. २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा दाखवता येतो. कारखान्याचा हिशेबनीस हे जाणतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, तो स्वतःच आठवण ठेवील. यात एक मेख आहे : तयार माल आणून नुसता विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. तुम्ही शिवता, छापता. नोंदणीत आणि बिलात तेच दिसू द्या.

ग्राहक म्हणून तारापूरच्या अणुवीज केंद्राचाही विचार करा. १९६९ पासून ते आपल्या शेजारी आहे आणि ते चालवणारे महामंडळ केंद्र सरकारचे आहे. केंद्र सरकारच्या अशा उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून, असे धोरण आहे. दुकान तुमच्या नावावर आहे की यजमानांच्या, हे पत्रात लिहिलेले नाही. तुमच्या नावावर असेल तर सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर नोंदणी करायला हरकत नाही. पहिले वर्षभर मात्र नुसते कोणत्या दराला काय जाते ते बघा.

आता वारली चित्रांचे. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला आपल्या जिल्ह्यात टी-शर्टांची मागणी असते, आणि बहुतेक दुकाने इंटरनेटवरची तीच तारपेवाल्याची आकृती उतरवून छापतात. मग तुमच्या आणि दुसऱ्याच्या टी-शर्टात फरक उरतो फक्त दराचा, म्हणजे पुन्हा हरण्याचाच खेळ. जिव्या सोमा म्हसे यांनी डहाणू तालुक्यातून ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. डहाणू, तलासरी, विक्रमगड भागात काढणारे हात आजही भरपूर आहेत. एखाद्या चित्रकाराला ठरलेले मानधन द्या, नगामागे वाटा द्या, त्याचे नाव आतल्या लेबलवर छापा. जून महिन्यातच ठरवा, कारण जुलैत ते लावणीला शेतात असतात. आणि लग्नचौकातल्या देवीचे चित्र टी-शर्टच्या पाठीवर चालेल का, हे त्यालाच विचारा. दुकानात बसून ते कळत नाही.

राहिले भरतकामाचे मशीन. त्याचा हिशेब टाक्यांवर चालतो. छोटा लोगो काही हजार टाक्यांचा असतो, आणि मशीन दिवसाचे बरेच तास फिरले तरच हप्ता निघतो. यजमानांना सांगा, तीन महिने हे काम बाहेर जॉबवर्कला द्या आणि रोजचे टाके वहीत लिहा. महिन्याची जॉबवर्कची बिले हप्ता अधिक कारागिराचा पगार यांच्या पुढे गेली, तर मशीन घ्या. तोपर्यंत त्या पैशांत निळ्या, खाकी आणि करड्या शेडचा एकेक ताका कपाटात असू द्या.